देहाकडून शिकलेलं : देणं आणि नाही म्हणणं

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



या वेळचा लेख जरा मोठा आहे. दुपारची कामं आवरली की निवांत वाचा. जमलं तर रात्री घरच्यांना वाचून दाखवा, कारण हा विषय एकट्याने वाचून सोडून देण्याचा नाही.

विषय आहे आपल्या देहाचा. देह म्हटलं की सत्संगात आपण एक वाक्य पटकन बोलून जातो, 'हा देह आपला कुठे आहे? त्यांनी दिलाय, त्यांचाच आहे.' बोलायला सोपं आहे. पण मागच्या चातुर्मासात हेच वाक्य आम्ही एका बाईला ऐकवलं आणि तिने आम्हाला असा एक प्रश्न विचारला की आमची सगळ्यांची तोंडं बंद झाली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं आम्हाला सुचलेलं उत्तर आहे. उशिरा सुचलं, हे आधीच कबूल करतो.

*काय झालं होतं*

आमच्या इंदूरच्या गुरुवारच्या मंडळातलं एक घर. घरातल्या कर्त्या पुरुषाला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. वय ५४. पुष्कळ वर्षांची शुगर, त्यात बीपी. 'मला काही होत नाही' म्हणत म्हणत दोन्ही किडन्या कधी बसल्या ते कळलंच नाही. आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. घरी येतात ते पार गळून. डॉक्टर म्हणाले, घरातलं कोणी मूत्रपिंड देऊ शकत असेल तर बघा.

'घरातलं कोणी' म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा कुठे गेल्या, सांगा बघू?

आधी वहिनींच्या तपासण्या झाल्या. त्यांनाही शुगर निघाली, त्या बाद. मग भाऊंची मोठी बहीण. उज्जैनला मुलाकडे असते, ५८ वर्षांची, दहा-बारा वर्षांपूर्वी यजमान गेले. तिचा रक्तगट जुळला. झालं, सगळ्यांना हायसं वाटलं. धाकट्या भावाला कोणी विचारलं नाही, कारण 'त्याच्यावर घर चालतं'. २६ वर्षांच्या मुलाला विचारलं नाही, कारण 'त्याचं अजून लग्न व्हायचंय'. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं हं. आपोआप ठरलं. आपल्या घरांत बऱ्याच गोष्टी अशाच आपोआप ठरतात.

श्रावणातल्या एका गुरुवारी ताई मंडळात आली. आरती झाली, प्रसाद वाटला आणि आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसलो. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. एकीने दधीची ऋषींची गोष्ट सांगितली. एक म्हणाली, 'अहो ताई, शेवटी या देहाची राखच व्हायची ना?' एक म्हणाली, 'केवढं पुण्य चालून आलंय तुमच्याकडे!' आणि ते वर सांगितलेलं वाक्यही कोणीतरी बोललंच.

ताईने सगळं ऐकून घेतलं. हातात शिऱ्याचा द्रोण तसाच. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, 'मला भीती वाटते हो. मी नाही म्हटलं, तर गुरुमाउली मला दूर लोटेल का?'

कोणीच काही बोललं नाही. 'नाही लोटणार' एवढं म्हणायला हवं होतं, पण ते म्हटलं तर मग भाऊंचं काय, असं प्रत्येकीच्या मनात आलं असणार. ताईने द्रोण बाजूला ठेवला आणि निघून गेली.

चपला घालताना आमच्या एक मावशी बोलल्या. या मावशींनी सात वर्षांपूर्वी आपल्या मुलाला किडनी दिली आहे. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द काढत नाहीत. त्या दिवशी मात्र चिडल्या होत्या. म्हणाल्या, 'मी दिली म्हणून तुम्ही दुसरीला गळ घालू नका. मला त्या वेळी कोणी असं घेरून पुण्य सांगितलं असतं ना, तर मी दिली नसती.'

*आधी समजून तरी घेऊ*

त्या रात्री आम्हाला जाणवलं, की ताईकडे जो अवयव मागायला आपण एवढ्या सरसावलो, तो करतो काय हेही आपल्याला धड माहीत नाही. आमच्या मंडळात बायोलॉजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. पुढचे दोन गुरुवार नामस्मरणानंतर अर्धा तास त्यांनी आम्हाला शिकवलं. ऐकून आम्ही थक्क झालो. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

आपल्या पाठीकडून, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, मणक्याच्या दोन बाजूंना ही दोन मूत्रपिंडं असतात. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, मोठाई आपल्या मुठीएवढी, वजन प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅम. उजवं किंचित खाली असतं, कारण वर यकृताने जागा घेतलेली असते. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाही. पण हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. म्हणजे दर मिनिटाला लिटरभर रक्त!

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसभरात साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं. आपल्या घरातल्या पाण्याच्या पिंपाएवढं झालं ते. आणि लघवी किती होते? दीड-दोन लिटर. मग बाकीचं जातं कुठे? परत रक्तात. ९९ टक्के पाणी परत घेतलं जातं.

खरी मौज पुढेच आहे. बाई म्हणाल्या, 'आपण दिवाळीत कपाट आवरतो ते दोन प्रकारे. एक म्हणजे वरवर बघायचं आणि टाकायच्या वस्तू तेवढ्या उचलायच्या. दुसरं म्हणजे सगळं कपाट रिकामं करायचं, पलंगावर ढीग घालायचा आणि जे हवंय तेवढंच परत आत ठेवायचं. किडनी दुसऱ्या प्रकारे आवरते.' रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं सोडली तर पाणी, साखर, मीठ, कचरा, सगळंच ती आधी बाहेर काढते. दिवसाला वाटीभर साखर बाहेर येते, जवळपास दीड किलो मीठ बाहेर येतं. मग त्यातून कामाचं ते एकेक करून परत घेते. निरोगी माणसात साखर जवळजवळ सगळी परत जाते. मिठाचे अगदी थोडे ग्रॅम बाहेर पडतात, आपण जेवढं जास्तीचं खाल्लं असेल तेवढे.

एवढा खटाटोप कशाला? नुसता कचराच उचलला असता तर? बाई म्हणाल्या, 'कचरा ओळखून उचलायचा म्हटलं, तर आयुष्यात पहिल्यांदाच पोटात गेलेला, अनोळखी पदार्थ आतच राहील. त्यापेक्षा चांगलं काय ते ओळखायचं आणि तेवढंच ठेवायचं. मग अनोळखी वाईट बरंचसं आपोआप बाहेर जातं.'

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. विवेक विवेक म्हणून जे आपण इतकी वर्षं प्रवचनातून ऐकतो, ते आपल्या पाठीत रात्रंदिवस चाललेलं आहे! आणि आपण मात्र वर्षानुवर्षं डोक्यात साठलेलं कधी पलंगावर काढून बघतच नाही. 'बहिणीनेच द्यायचं', 'देणाऱ्याला विचारायचं काय', हा सगळा जुना माल कपाटात तसाच. वरची धूळ झटकली की आवरलं असं आपल्याला वाटतं.

*एकटं कोणीच नाही*

किडनी एकटी काम करत नाही, हेही त्याच दिवशी कळलं. आपण डाळ, दूध, मांस-मासे जे काही खातो, त्यातल्या प्रथिनांपासून शेवटी अमोनिया तयार होतो. तो मेंदूला विषच. यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं, म्हणजे विषाची धार काढून टाकतं, आणि मग तो युरिया बाहेर टाकण्याचं काम किडनीचं. रक्तातलं आम्ल वाढलं तर फुफ्फुसं मिनिटा-दोन मिनिटांत श्वास वाढवून सांभाळून घेतात. पण कायमचा हिशेब पुरा करायला किडनीला काही तास, काही दिवस लागतात. एक धावून येणारा शेजारी, दुसरा सावकाश पण पक्कं काम करणारा.

शिवाय किडनी हाडांच्या मगजाला निरोप पाठवते, की रक्ताच्या लाल पेशी बनवा. म्हणूनच भाऊंसारख्या माणसांचं हिमोग्लोबिन उतरतं. ड जीवनसत्त्वाला ती कामाचं करते, म्हणून हाडं मजबूत राहतात. रक्तदाबावर तिचं लक्ष असतं. आणि हे सगळं गाजावाजा न करता. इतकं गुपचूप, की तिची निम्म्याहून जास्त ताकद गेली तरी माणसाला पत्ता नसतो. भाऊंचं तेच झालं. घरातल्या एखाद्या बाईचं नाही का असंच होतं? ती अंथरुणाला खिळेपर्यंत ती थकली आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

समर्थांनी दासबोधात पहिल्याच दशकात नरदेहाची स्तुती केली आहे आणि तिसऱ्या दशकात त्याच देहाच्या घाणीचं वर्णन केलं आहे. आम्हाला आधी वाटायचं, हे दोन्ही एकदम कसं खरं? आता वाटतं, किडनीने दोन्ही एका जागी आणून ठेवलंय. घाणीतच तिचा संसार आणि तिच्यामुळेच आपण स्वच्छ.

*देहाचं 'नाही'*

दुसऱ्या गुरुवारी विषय निघाला तो प्रत्यारोपणाचा. एकाची किडनी दुसऱ्याच्या पोटात, पुढच्या बाजूला खाली, बसवतात. रक्तवाहिन्या जोडल्या की पुष्कळदा तिथेच टेबलावर ती लघवी तयार करायला लागते. हा कोण, कोणाचा, किती पुण्यवान, तिला देणंघेणं नाही. रक्त आलं की गाळायचं.

आमच्यातली एक लगेच म्हणाली, 'बघा, आपपर भाव नाही! देह आपला नाहीच!' बाई हसल्या. म्हणाल्या, 'किडनीला नाही. पण देहाला आहे.'

कसं ते ऐका. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्यांचं कामच हे, की आपलं काय आणि परकं काय ते ओळखायचं आणि परक्याला हाकलायचं. बाहेरून आलेली किडनी, मग ती सख्ख्या आईची का असेना, त्यांना परकीच वाटते. त्या तिच्यावर तुटून पडतात. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, पहारेकऱ्यांना जरा गप्प बसवणाऱ्या. आणि पहारेकरी गप्प बसले की साध्या संसर्गाचीही भीती वाढते.

म्हणूनच जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण जुळ्या भावांमध्ये झालं. अमेरिकेत बॉस्टनला, २३ डिसेंबर १९५४ या दिवशी. रिचर्ड हेरिक आजारी, रोनाल्ड हेरिक धडधाकट. एकाच बीजातून झालेले हुबेहूब जुळे, त्यामुळे एकाचे पहारेकरी दुसऱ्याला परका म्हणणार नाहीत, असा डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब. पण डॉक्टरांपुढे मोठा धर्मप्रश्न होता. तोवर डॉक्टरने सुरी चालवायची ती त्याच रोग्याच्या भल्यासाठी. इथे एका निरोगी माणसाला कापायचं होतं, ज्याला स्वतःला काडीचाही शारीरिक फायदा नव्हता. हे योग्य का? त्यांनी धर्मगुरूंना विचारलं, इतर डॉक्टरांना विचारलं आणि मगच पुढे गेले.

या हकिगतीतली आम्हाला सगळ्यात भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघ, घरी जा. रोनाल्डने उलट निरोप धाडला, की मी आलोय आणि इथेच राहणार. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला, त्याची शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच त्याने लग्न केलं, त्यांना मुली झाल्या. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला आणि एका किडनीवर २०१० सालापर्यंत, ७९ वर्षांचा होईपर्यंत जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

ज्याला गरज होती त्यानेच दार उघडून दाखवलं होतं, जा म्हणून. आणि दार उघडं असताना दुसरा थांबला. त्याच्या थांबण्याला किंमत आहे ती त्या उघड्या दारामुळे. आम्ही ताईच्या बाबतीत काय केलं होतं? दाराला कडी घातली होती आणि वर पुण्याचं तोरण बांधलं होतं.

आणखी एक विचार मनात आला. देह देतो, हे खरं. पण देह 'नाही'ही म्हणतो, आणि ते 'नाही' पाप नाही. ते पहारेकरी 'नाही' म्हणतात म्हणून तर आपण साध्या सर्दी-तापातून उठतो. ज्या देहाला नाही म्हणताच येत नाही तो देह चार दिवस टिकत नाही. मग ज्या बाईला नाही म्हणताच येत नाही, तिचं मन किती दिवस टिकेल?

*दान कशाला म्हणायचं*

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न ठेवता, द्यायला हवं या भावनेने, योग्य जागी दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात क्लेश होत असताना दिलेलं ते राजस. अवमान करून, अपात्री दिलेलं ते तामस. आपण हा भाग किती वेळा वाचला असेल! पण 'क्लेश होत असताना' हे शब्द आम्ही नेहमी पैशांपुरतेच समजत होतो. वर्गणी देताना तोंड वाकडं करू नये, एवढाच अर्थ. ताईच्या डोळ्यांतली भीती हाही क्लेशच की! तो असताना तिच्याकडून घेतलेलं दान देणारीलाही निववत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

आणि दधीचींची गोष्ट? देव मागायला गेले हे खरं. पण ऋषींनी स्वतः होऊन देह ठेवला. त्यांना प्रसादाचा द्रोण हातात देऊन कोणी घेरून बसलं नव्हतं. शिवाय गोष्ट सांगणाऱ्या आमच्यापैकी कोणीही आपलं स्वतःचं हाड काढून ठेवलं नव्हतं.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, 'म्हणजे भाऊंना तसंच सोडायचं?' प्रश्न खोटा नाही. आम्हीही त्यावर पुष्कळ वाद घातला. डायलिसिसच्या खुर्चीवर चार तास पडलेला माणूस डोळ्यांपुढे असताना 'नाही म्हणण्याचा अधिकार' वगैरे बोलणं आम्हालाही जड गेलं. शेवटी आम्हाला असं वाटतं, की भाऊंच्या दुःखाचा आपल्या सगळ्यांच्या करुणेवर हक्क आहे. पण ताईच्या देहावर हक्क नाही. करुणेवरचा हक्क पंचवीस जणांत वाटला जातो. देहावरचा हक्क मानला, की तो सगळा एकाच बाईच्या पाठीत घुसतो आणि बाकीचे चोवीस मोकळे होतात. गंमत बघा, आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायकांचं प्रेम जास्त म्हणून, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. थोडं प्रेम असेलही. पण थोडं असंही असेल, की त्यांना विचारताना उत्तर आधीच ठरलेलं असतं.

म्हणून मागू नये असं नाही. मागावं. पण ज्याला मागतो त्याला 'नाही' म्हटल्यावरही त्याच घरात, त्याच पंगतीत, त्याच मंडळात तेवढीच जागा राहील, अशा रीतीने मागावं. जिथे 'नाही' म्हणता येतं तिथलंच 'हो' दान होतं. बाकी ती वसुली.

आणि मावशींसारखं जे मनापासून देतात, त्यांचं देणं यामुळे कमी होत नाही, उलट वाढतं. एक किडनी दिल्यावर उरलेली थोडी मोठी होते, जास्तीचं काम अंगावर घेते, आणि बहुतेक दाते पुढे नीट आयुष्य जगतात. तरी ऑपरेशन ते ऑपरेशनच. धोका कमी असतो, शून्य नसतो. तो पत्करणारा माणूस मोठाच. पण तो न पत्करणारा म्हणून लहान होत नाही.

*पुढे काय झालं*

आम्ही तिघी-चौघी उज्जैनला गेलो. ताईच्या घरी जमिनीवर बसून सांगितलं, की ताई, आमचं चुकलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच द्यायला हवं होतं. गुरुमाउली कोणाला दूर लोटत नाही. लोटत होतो ते आम्ही.

ताई रडली. मग चहा केला. जाताना म्हणाली, 'मी विचार करून सांगेन.' आणि पंधरा दिवसांनी तिने सांगितलं. नाही म्हणाली.

खरं सांगतो, ऐकून आमच्यातल्या काहींना वाईट वाटलं. आपण माफी मागितली की ती आपणहून हो म्हणेल, अशी एक लबाड आशा आमच्या मनात होतीच. तीही पलंगावर काढून बघावी लागली.

नात्यातल्या काही जणांनी ताईशी बोलणं सोडलं. दिवाळी आली. ताई भाऊबीजेला यायचं टाळत होती. भाऊंनी स्वतः फोन केला. डायलिसिसचा दिवस होता, आवाज खोल गेलेला. म्हणाले, 'ताई, ये. ओवाळणी भावाने बहिणीला द्यायची असते, बहिणीने भावाला नाही. एवढं तरी आपण विसरायला नको.'

ताई आली. ओवाळलं. आम्ही तिथे होतो. त्या दिवशी त्या घरात जे काही होतं त्याला दुसरं नाव आम्हाला माहीत नाही, कृपा म्हणा.

आता भाऊंचं नाव मृत्यूनंतरच्या दानातून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत लागलं आहे. आणि ज्याला कोणी विचारलंच नव्हतं, तो धाकटा भाऊ भाऊबीजेनंतर आपणहून तपासणीला गेला. अजून सगळे रिपोर्ट आले नाहीत. डायलिसिस चालू आहे.

*आपण काय करू शकतो*

ताईकडे मागताना आमच्या एक लक्षात आलं नव्हतं. जे दान करताना देणाऱ्याचं काहीच जात नाही, ते करायची तयारी आमच्यापैकी कोणीच दाखवली नव्हती. म्हणून हे चार मुद्दे, सगळ्या घरांसाठी :

१. *मृत्यूनंतरच्या दानाचा फॉर्म.* माणसाचा मेंदू कायमचा बंद पडला असं चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवतं. त्यानंतर हृदय चालू असेपर्यंत अवयव देता येतात. १९९४ च्या कायद्याने याला मान्यता आहे. आमच्या इंदुरात २०१५ पासून अशा अवयवांसाठी ग्रीन कॉरिडॉर होत आले आहेत, अॅम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करतात. दोन किडन्या म्हणजे दोन घरांतल्या दोन ताईंची सुटका. आम्ही फॉर्म भरले आहेत.

२. *घरी सांगून ठेवा.* नुसता फॉर्म पुरत नाही. वेळ आली की परवानगी घरच्यांनाच द्यावी लागते. त्यांना तुमची इच्छा माहीत नसेल तर ते गोंधळतात. आज रात्रीच सांगा. आणि नेत्रदान तर घरी मृत्यू आला तरी होतं, सहा तासांच्या आत कळवायचं.

३. *विचारायची वेळ आली तर सगळ्यांना विचारा.* मुलगा, भाऊ, वडील, सगळ्यांना. कायद्याने विक्री गुन्हा आहे आणि देणाऱ्याची स्वतःची संमती लागतेच. पण कागदावरची संमती आणि मनातली संमती यांतलं अंतर कायदा मोजू शकत नाही. ते घरच्यांनी मोजायचं. देणाऱ्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

४. *किडनी सांभाळा.* शुगर आणि बीपी ही किडनी जाण्याची दोन मोठी कारणं. ज्यांना यांतलं काही आहे त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्या मनाने खात राहू नका. घरातल्या बायकांनो, हे आधी तुमच्यासाठी.

ताई आता परत गुरुवारी येते. मागच्या आठवड्यात शिरा तिनेच करून आणला होता. द्रोण वाटता वाटता ती मावशींपाशी थांबली. दोघी काही बोलल्या नाहीत. एकीने दिलं, एकीने नाही दिलं. मावशींनी बाजूला सरकून तिला बसायला जागा केली.

आपल्या मंडळात दोघींना सारखी जागा असू दे, एवढंच गुरुमाउलीच्या चरणी मागणं.

🙏 जय गुरुदेव 🙏

(लेख आपल्या परिवाराच्या ग्रुपवर जरूर पाठवा. मात्र कोणा एकाला उद्देशून पाठवू नका.)